अग्निशमनातील स्वेच्छासेवा आणि निवृत्तीचा हक्क : भिवंडीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

नगरात आग लागली असता ती विझविण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला मुंबई इलाख्यातील आणि पुढे महाराष्ट्रातील कायद्याने गेल्या पावणेदोनशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली आहेत. परंतु हे काम ज्याने वेतनावाचून वर्षानुवर्षे केले, त्याचे उतारवयात समाज काय देणे लागतो, या दुसऱ्या प्रश्नाकडे त्याच कायद्याने क्वचितच पाहिले. पहिला प्रश्न नगरशासनाचा, तर दुसरा न्यायाचा आहे. दोहोंची सांगड कशी पडत गेली आणि कोठे सुटली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचनासाठी भिवंडीचे स्थळ घेण्यास कारण आहे. कामवारी नदीकाठचे हे जुने बाजारपेठेचे गाव विणकरांच्या वस्तीने वाढले. उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची घराणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे येऊन स्थिरावली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून हातमागाची जागा यंत्रमाग घेऊ लागला. आज येथील मागांची संख्या लाखांत मोजली जाते. सूत, कापसाची उडती रुई, वंगणाचे तेल, दाटीने ओढलेल्या विजेच्या तारा आणि अरुंद बोळ ही सारी सामग्री एकत्र नांदत असलेल्या गावी आग ही अपवादात्मक घटना राहत नाही. ती गावच्या अर्थव्यवहाराचाच एक धोका ठरते. अशा ठिकाणी आगीकडे प्रथम धावतो तो शेजारच्या कारखान्यातील कामगार. बंब मागाहून येतो.

या प्रथम धावणाऱ्याचे समाजावर तीन प्रकारचे ऋण होऊ शकते. काम करताना त्यास दुखापत झाली, तर उपचाराचे व भरपाईचे. त्यास मृत्यू आला, तर त्याच्या विधवेचे व मुलांचे. आणि तो सुखरूप राहून वीस-पंचवीस वर्षे धावत राहिला, तर त्या वर्षांचे. पहिली दोन ऋणे कायद्याने टप्प्याटप्प्याने मान्य केली. तिसरे मात्र आपल्याकडे आजवर नीटसे मान्य झालेले नाही. असे का घडले, याचे उत्तर कोणा अधिकाऱ्याच्या कृपणतेत शोधणे व्यर्थ आहे. ते निवृत्तिवेतन या कल्पनेच्या घडणीतच सापडते.

२. वतन, वेठ आणि स्वेच्छा

मराठीत आग विझविण्याच्या यंत्रास 'बंब' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज संबंधातून आला असून त्यावरून 'बंबखाना' व 'बंबवाला' हे शब्द बनले. शब्द परकी असला, तरी ज्या कामाला तो चिकटला ते काम परके नव्हते. गावची राखण, रात्रीचा पहारा, आपत्काळी हाक देणे व धावणे ही कामे जुन्या ग्रामव्यवस्थेत वतनदारांकडे होती, आणि त्यांत कनिष्ठ वतनदारांचा वाटा सर्वांत कष्टाचा होता. या सेवेचा मोबदला वेतनाने मिळत नसे. तो वतनाच्या जमिनीने व रयतेकडून मिळणाऱ्या बलुत्याने दिला जाई. वरवर पाहता या व्यवस्थेत सेवकाच्या वार्धक्याची तरतूद होती, कारण जमीन त्याच्या हयातीत व पश्चात त्याच्या कुटुंबाकडे राहत असे.

परंतु हीच व्यवस्था वेठीचे कारण झाली होती. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकारपद अधिनियमाने वतनाला कायद्याची चौकट दिली, आणि त्या चौकटीत महार वतनदारास रात्रंदिवस केव्हाही बोलाविले तरी हजर राहणे भाग पडे. जमिनीचा तुकडा अपुरा, बलुते रयतेच्या मर्जीवर आणि कामाला मर्यादा नाही, असा तो व्यवहार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच अन्यायावर बोट ठेवून. सरकारने काम घ्यावयाचे तर निश्चित वेतन द्यावे, हे त्यांच्या मागणीचे सार होते. कनिष्ठ वतने अखेरीस १९५८ च्या अधिनियमाने, १९५९ पासून, संपुष्टात आली.

या इतिहासाचे स्मरण येथे अप्रस्तुत नाही. सेवेबद्दल वेतन न देता 'मान' देण्याची परंपरा आपल्या समाजात जुनी आहे, आणि मानाचे रूपांतर वेठीत होण्यास फारसा वेळ लागत नाही, हे वतनाने दाखविले. स्वेच्छासेवा व वेठ यांतील भेद केवळ सेवकाच्या मनातील इच्छेवर अवलंबून नसतो. सेवा घेणारा तिचे मोल कोणत्या रूपाने मान्य करतो, यावरही तो ठरतो. विनामूल्य मिळणारी सेवा जो कायमची गृहीत धरतो, तो स्वेच्छेचा लाभ घेता घेता तिचा अर्थच पुसून टाकतो.

३. नगरपालिका कायद्यातील 'काम' आणि 'दल'

१८५० च्या सव्विसाव्या अधिनियमाने लोकांच्या मागणीवरून शहरांत नगरपालिका स्थापण्याची सोय केली. भिवंडीची नगरपालिका एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अस्तित्वात आली. मुंबई शहरात मात्र अग्निशमनाचे काम बराच काळ पोलीस खात्याच्या हाती होते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने अग्निशमन दल राखणे हे महापालिकेचे अनिवार्य कर्तव्य ठरविले, आणि तेथून मुंबईत अग्निशमन हा पूर्णवेळ पगारी पेशा झाला.

जिल्ह्यांच्या शहरांसाठी केलेल्या १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाची भाषा निराळी होती. आगी विझविणे आणि आगीच्या प्रसंगी जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे, असे कर्तव्य त्यात सांगितले होते. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमातही हीच शब्दयोजना आली. याउलट, मुंबईखेरीज इतर मोठ्या शहरांसाठी केलेल्या १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात योग्य साधनांनी सज्ज असे अग्निशमन दल राखण्याचे कर्तव्य घातले गेले.

हा फरक शब्दांपुरता नाही. नगरपालिकेच्या कायद्यात 'काम' सांगितले आहे, तर महानगरपालिकेच्या कायद्यात 'दल' सांगितले आहे. काम कोणाकडूनही करवून घेता येते. चार पगारी माणसे, एक बंब आणि बाकी गावकरी एवढ्यावरही ते भागते. दल म्हटले की पदे, वेतनश्रेणी, सेवापुस्तक आणि निवृत्ती हे सारे मागोमाग येते. जुन्या नगरपालिका कायद्यांत आगीच्या प्रसंगी कारवाईचे अधिकार दंडाधिकारी, नगरपालिकेचे सचिव, नगरसेवक व अग्निशमन दलाचे लोक अशा अनेकांस दिलेले होते. रस्ता बंद करणे, घर फोडून आत शिरणे, आग पसरू नये म्हणून इमारत पाडणे असे हे अधिकार होते. त्यांच्या हुकमाखाली प्रत्यक्ष बादली उचलणाऱ्याचे नाव मात्र कायद्यात कोठे येत नाही. छोट्या शहरांतील अग्निशमन अशा रीतीने प्रथमपासूनच अनामिक श्रमावर उभे राहिले.

भिवंडी या शतकाच्या आरंभी भिवंडी-निजामपूर महानगरपालिका झाली, आणि 'काम' सांगणाऱ्या कायद्याकडून 'दल' सांगणाऱ्या कायद्याकडे तिचे संक्रमण झाले. तत्पूर्वी १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा हा विषय बाराव्या अनुसूचीत घालून नगरसंस्थांच्या कक्षेत आणला होता. तथापि दलाची स्थापना झाल्याने दलाबाहेरचे श्रम संपले, असे मात्र झाले नाही.

४. युद्धकाळ : जखमेची मान्यता

अग्निशमनातील स्वयंसेवकाकडे कायद्याचे लक्ष प्रथम गेले ते दुसऱ्या महायुद्धात. तत्पूर्वीचा मुख्य कायदा १९२३ चा कामगार भरपाई अधिनियम हा होय. त्याच्या अनुसूचीत अग्निशमन दलातील नोकरीचा स्पष्ट उल्लेख होता. परंतु तेथे शब्द होता 'नोकरी'. ज्याचा कोणाशी नोकरीचा करार नाही, त्याला मालक नाही. आणि ज्याला मालक नाही, त्याच्या जखमेची भरपाई कोणाकडून मागावयाची, या पेचाचे उत्तर त्या अधिनियमात नव्हते.

हवाई हल्ल्यांच्या भीतीने मुंबईसारख्या शहरांत बचाव-संघटना उभारल्या गेल्या व त्यांत साहाय्यक अग्निशमन दलांचाही समावेश झाला. शेकडो नागरिकांस धोक्याच्या कामास लावावयाचे, तर त्यांच्या जखमेची हमी देणे सरकारला भाग होते. १९४१ च्या युद्ध-इजा वटहुकमाने ही हमी दिली. लाभकारी व्यवसाय करणाऱ्या व्यक्तींबरोबर नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांचा निराळा वर्ग त्यात मानला गेला, आणि कर्तव्य बजावताना स्वयंसेवकास झालेली इजा साहाय्यास पात्र ठरली. मालकावाचून भरपाई मिळू शकते, हे तत्त्व येथे प्रथम स्थापित झाले. मालकाच्या जागी येथे राज्य आले.

या तत्त्वाची निकड किती होती, हे १४ एप्रिल १९४४ रोजी दिसून आले. कापसाच्या गाठी व सुमारे चौदाशे टन स्फोटके वाहून आणणारी 'फोर्ट स्टिकीन' ही बोट मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभी होती. दुपारी तिच्यात आग दिसली. अग्निशमन दलाचे लोक बोटीवर व धक्क्यावर पाणी मारीत असतानाच चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. ६६ अग्निशामक त्या दिवशी मृत्युमुखी पडले. नागरिक, गोदी कामगार व सैनिक मिळून मृतांचे अंदाज आठशेच्या पुढे जातात. त्याच वर्षी सरकारने मुंबई स्फोट भरपाई वटहुकूम काढला. १४ एप्रिल हा दिवस पुढे देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जाऊ लागला, आणि भायखळ्याच्या मुख्यालयातील स्मारकापाशी दरवर्षी मानवंदना दिली जाते.

या घटनेने अग्निशमनाच्या सेवेस सार्वजनिक स्मृतीत स्थान दिले, ही गोष्ट निर्विवाद आहे. तथापि ही स्मृती हौतात्म्याची आहे. जो त्या दिवशी वाचला आणि पुढे वीस वर्षे आगी विझवून थकला, त्याच्यासाठी अशा स्मृतीत जागा नसते. कायद्याचेही तसेच झाले. जखम व मृत्यू या घटना आहेत. त्यांना तारीख असते, पंचनामा असतो, दाखला असतो. थकव्याला तारीख नसते.

५. होमगार्ड, नागरी संरक्षण व 'लोकसेवक'

युद्ध संपल्यावर साहाय्यक दले विसर्जित झाली, परंतु संघटित स्वेच्छासेवेची कल्पना टिकली. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड संघटना उभी राहिली. त्या वेळी मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते. १९४७ च्या मुंबई होमगार्ड अधिनियमाने तिला कायद्याचे रूप दिले. हाच अधिनियम पुढे दिल्लीसही लागू करण्यात आला. पोलिसांस साहाय्य करणे हे या संघटनेचे मुख्य काम असले, तरी आग, पूर, साथ अशा आपत्तींत लोकांस मदत करणे हेही तिच्या कार्यात प्रथमपासून अंतर्भूत आहे.

या अधिनियमातील एक तरतूद विशेष लक्षणीय होय. होमगार्डच्या सदस्यास दंडसंहितेच्या अर्थाने 'लोकसेवक' मानण्यात आले. त्याला कर्तव्यात अडथळा करणारा अपराधी ठरतो, आणि त्याने स्वतः अधिकाराचा दुरुपयोग केला, तर तोही लोकसेवक म्हणून जबाबदार ठरतो. म्हणजे दायित्वाच्या बाजूने तो सरकारी नोकराच्या पंक्तीस बसला. हक्काच्या बाजूने मात्र तो स्वयंसेवकच राहिला. बोलावणे येईल त्या दिवसाचा भत्ता हाच त्याचा मोबदला. रजा, भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तिवेतन यांपैकी काही त्याच्या वाट्यास आले नाही. एकाच माणसाची ही दोन रूपे पुढील साऱ्या वादाच्या मुळाशी आहेत.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने राज्यांतील स्वयंसेवी दलांस एकरूपता आणण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षीच्या वैयक्तिक इजा (आणीबाणी तरतुदी) अधिनियमाने १९४१ चे तत्त्व पुन्हा स्वीकारले. स्वयंसेवकाच्या कर्तव्यातील इजेस त्यात स्थान मिळाले. परंतु तात्पुरत्या भत्त्यापलीकडचे साहाय्य गंभीर व दीर्घकालीन अपंगत्व किंवा मृत्यू यांपुरते ठेवण्यात आले. १९६८ च्या नागरी संरक्षण अधिनियमाने स्वयंसेवकांच्या दलास कायम चौकट दिली. या संघटनेच्या बारा सेवांमध्ये अग्निशमन ही एक स्वतंत्र सेवा आहे. दरम्यान पगारी अग्निशमनही शास्त्रशुद्ध होत होते. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे सुरू होऊन पुढील वर्षी नागपुरास आले, आणि देशातील अग्निशमन अधिकाऱ्यांचे शिक्षण महाराष्ट्रात होऊ लागले. पेशा जसा पक्का होत गेला, तसतसे पेशेवर आणि स्वयंसेवक यांच्यातील अंतरही वाढत गेले.

६. निवृत्तिवेतन : कृपा, हक्क आणि लांबणीवर टाकलेले वेतन

आता मूळ कल्पनेकडे वळले पाहिजे. १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमात निवृत्तिवेतन हे सरकारच्या कृपेचे दान असल्यासारखे मानले होते. त्याबाबतचा दावा दिवाणी न्यायालयात सहजासहजी चालत नसे. स्वातंत्र्योत्तर काळात ही दृष्टी पालटली. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणात निवृत्तिवेतन हा कर्मचाऱ्याचा हक्क असल्याचे म्हटले. १९८२ च्या डिसेंबरात डी. एस. नकारा यांच्या प्रकरणात ते गतसेवेचे मोल असल्याचे, एका अर्थी लांबणीवर टाकलेले वेतन असल्याचे, स्पष्ट केले.

कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता. परंतु त्याच तर्काची दुसरी बाजू स्वयंसेवकावर उलटली. निवृत्तिवेतन हे लांबणीवर टाकलेले वेतन असेल, तर ज्यास वेतनच नाही त्याचे काय लांबणीवर पडले? दान मानले असते, तर ते सरकार कोणासही देऊ शकले असते. हक्क मानल्यावर तो वेतनाला बांधला गेला. १९७२ च्या उपदान प्रदान अधिनियमानेही पाच वर्षांच्या अखंड सेवेचे बक्षीस मान्य केले, परंतु तेथेही वेतन घेणारा कर्मचारी हीच पात्रतेची कसोटी होती. हा अधिनियम व १९२३ चा भरपाई अधिनियम २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आले, तरी उपदानासाठी नोकरीचा संबंध आवश्यक असल्याचे सूत्र बदलले नाही.

होमगार्डांच्या प्रकरणात हा पेच उघड झाला. हिमाचल प्रदेश, दिल्ली आदी ठिकाणच्या होमगार्डांनी नियमित सेवेत घेण्याची मागणी केली होती. मार्च २०१५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ते नियमित कर्मचारी नाहीत असे ठरविले. मात्र पोलिसांप्रमाणे काम करणाऱ्यांस मिळणारा दैनिक भत्ता असा असावा की, महिन्याच्या तीस दिवसांची बेरीज पोलीस कर्मचाऱ्याच्या किमान वेतनाइतकी व्हावी, असा निर्देश दिला. महाराष्ट्रात २०२४ साली होमगार्डांचा दैनिक भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये करण्यात आला. दिवसाचे मोल वाढले. वर्षांचे मोल मात्र अनिर्णीतच राहिले. शंभर दिवस काम करणारा आणि वीस वर्षे मिळून हजारो दिवस काम करणारा, दोघेही शेवटच्या दिवशी सारख्याच रिकाम्या हाताने घरी जातात.

येथे पगारी अग्निशामकाच्या स्थितीचाही उल्लेख करणे उचित होईल. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाने नव्या नेमणुकांसाठी अंशदानावर आधारलेली निवृत्तिवेतन योजना आणली. जुन्या पद्धतीत सरकार निवृत्तिवेतनाची रक्कम निश्चित करीत असे. नव्या पद्धतीत अंशदान निश्चित झाले. या बदलाचे गुणदोष निराळे आहेत. प्रस्तुत विषयापुरते महत्त्वाचे इतकेच की, अंशदानाच्या तत्त्वाने वेतन व निवृत्तिवेतन यांची जुनी गाठ सैल केली. ज्याच्या नावे अंशदान भरले जाईल, त्याच्या नावे निधी साठू शकतो. ते अंशदान पगारातूनच कापले जावे, असे तत्त्वतः बंधन उरत नाही.

७. इतर देशांतील तीन मार्ग

हा पेच भारतापुरता नाही. ज्या देशांत स्वयंसेवी अग्निशमनाची परंपरा मोठी आहे, त्यांनी तो निरनिराळ्या मार्गांनी सोडविला.

जपानमध्ये गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांतील लोक आपापली शेती, दुकाने व नोकऱ्या सांभाळून काम करतात. १९६४ पासून तेथे अशा स्वयंसेवकास निवृत्त होताना एकरकमी बक्षीस देण्याची पद्धत आहे. किमान पाच वर्षांची सेवा लागते, आणि रक्कम वर्षे व पद यांवर ठरते. त्यासाठी नगरपालिका एका सामायिक निधीत वर्गणी भरतात. या रकमेस वेतन म्हटले जात नाही. सेवेची कृतज्ञता म्हणून ती दिली जाते, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. दान आणि वेतन यांच्यामधली ही तिसरी जागा जपानने शोधली.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात एकोणिसाव्या शतकात ठराविक वर्षे सेवा केलेल्या स्वयंसेवक अग्निशामकास ज्यूरीच्या व लष्करी कवायतीच्या कामातून सूट मिळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सेवाकालावर आधारलेल्या पुरस्कार योजना आल्या. स्वयंसेवकाचे वर्ष मोजावयाचे कसे, या प्रश्नाचे उत्तर तेथे गुणांनी दिले गेले. कवायत, शिक्षण, सभा व आगीची वर्दी यांस गुण ठेवले, आणि वर्षात पन्नास गुण मिळविणाऱ्यासच ते वर्ष धरले जाते. १९७६ च्या संघीय कायद्याने कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निशामकाच्या कुटुंबास मदत देताना पगारी व स्वयंसेवक असा भेद ठेवला नाही.

ब्रिटनचा मार्ग न्यायालयातून गेला. तेथे पूर्णवेळ अग्निशामकांबरोबर दुसरा धंदा करून वर्दी आली की धावणारे अंशकालीन अग्निशामक असतात. त्यांना काही मानधन मिळे, पण पूर्णवेळच्या निवृत्तिवेतन योजनेत स्थान नव्हते. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने मॅथ्यूज प्रकरणात दोघांचे काम तुलनीय आहे काय, हे पाहताना कामातील भेदांपेक्षा साम्याला योग्य वजन देण्यास सांगितले. पुढे अंशकालीन अग्निशामकांस निवृत्तिवेतनाचे दार खुले झाले.

तिन्ही मार्गांत एक समान सूत्र आहे. सेवेची नोंद आधी, रक्कम नंतर. ज्याची वर्षे कोठेही लिहिली गेली नाहीत, त्याला ना बक्षीस देता येते, ना गुण, ना तुलना.

८. भिवंडीचा आजचा संदर्भ

या शतकात भिवंडीच्या आगीचे भूगोलशास्त्रच पालटले आहे. मुंबई-नाशिक महामार्गालगत माणकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांच्या हद्दीत गोदामांची प्रचंड वसाहत उभी राहिली. कापड, कागद, प्लास्टिक, औषधे, रसायने असा नाना प्रकारचा माल तेथे साठविला जातो. ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. २००७ पासून त्या भागाचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. परंतु आग हद्द पाहून लागत नाही, आणि गोदामात आग लागली की भिवंडीच्या बंबाबरोबर ठाणे व कल्याण येथीलही बंब बोलवावे लागतात. ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत आग विझविण्यास साहाय्य करणे हे काम ग्रामपंचायतीचेही मानले आहे. येथे पुन्हा 'दल' नाही, 'काम' आहे. ते काम गावातील तरुण, पाण्याच्या टँकरचे चालक आणि गोदामातील हमाल करतात.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर आगप्रतिबंधाची जबाबदारी टाकली आणि अग्निशमन सेवा शुल्काची तरतूद केली. आगीपासून रक्षण ही मोल देऊन घ्यावयाची सेवा आहे, हे यातून मान्य झाले.

अग्निशमन दलाच्या कामात आता आगीबरोबर इमारतीचे कोसळणेही येते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. सुमारे चाळीस माणसे दगावली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल येण्यापूर्वी आसपासच्या रहिवाशांनी सुमारे वीस जणांना ढिगाऱ्यातून बाहेर काढले होते. या रहिवाशांकडे ना गणवेश होता, ना विमा. त्यांपैकी एखाद्यावर उरलेली भिंत पडली असती, तर त्याचे कुटुंब कोणत्या कायद्याखाली दाद मागू शकले असते, हा प्रश्न अलंकारिक नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ पासून चालविलेली 'आपदा मित्र' योजना हा या दिशेने एक टप्पा होय. प्रथम तीस जिल्ह्यांतील सहा हजार आणि नंतर साडेतीनशे जिल्ह्यांतील एक लाख स्वयंसेवकांस शिक्षण, साधनसंच व विमा देण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. १९४१ च्या वटहुकमाने जखमेस जी मान्यता युद्धापुरती दिली होती, ती येथे शांततेच्या काळात विम्याच्या रूपाने आली. परंतु विमा हा अपघाताचा असतो, सेवाकालाचा नसतो. पहिल्या दोन ऋणांची परतफेड त्याने होते. तिसरे तसेच राहते.

९. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. आपल्याकडील कायद्याने अग्निशमनातील स्वयंसेवकाच्या जखमेची दखल घेतली ती संकटकाळी, आणि त्याच्या वर्षांची दखल घेतली नाही, कारण निवृत्तिवेतन वेतनाशी बांधले गेले. ही बांधणी पगारी सेवकाच्या हितासाठी योग्यच होती. ती मोडण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती तिच्या शेजारी दुसरी, लहान का होईना, पण हक्काची तरतूद उभी करण्याची. अंशदानाच्या पद्धतीने व अग्निशमन शुल्काच्या तत्त्वाने तिची साधने उपलब्ध करून दिली आहेत. ज्या गोदामांच्या व कारखान्यांच्या रक्षणासाठी ही माणसे धावतात, त्यांच्याकडून गोळा होणाऱ्या शुल्काचा एक अंश स्वयंसेवकांच्या नावे जमा करण्यात तत्त्वाची कोणतीही अडचण दिसत नाही.

या तरतुदीची पहिली पायरी पैशाची नसून वहीची आहे. शिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांची नामावली, त्यांच्या हजेरीची व वर्दीची नोंद, आणि ती नोंद कोणत्या संस्थेने किती काळ जतन करावी याचा नियम, एवढे झाले की वर्षे मोजता येतील. वर्षे मोजली गेली की त्यांचे मोल ठरविण्याचा प्रश्न टाळणे कोणासही कठीण जाईल. वतनाच्या काळी सेवकाचे नाव दप्तरात होते, पण त्यास स्वातंत्र्य नव्हते. आजच्या स्वयंसेवकास स्वातंत्र्य आहे, पण त्याचे नाव बहुधा कोणत्याच दप्तरात नाही. या दोन उणिवा एकदम दूर करणे हेच या क्षेत्रातील पुढील सुधारणेचे कार्य होय.